कडूआत्याला कुणी टाकलं नव्हतं

मिरजगावजवळची आपली वस्ती,
संक्रांत, १४ जानेवारी १९७३

दादा,

यंदा तिळगूळ नाही. तीळ पेरलेच नव्हते, तर उगवणार कुठून? तेव्हा गोड बोलायचं बंधनही माझ्यावर नाही, असं समजून लिहिते.

आत्यानं अंथरूण धरलं आहे. गेल्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी म्हटलं, आत्या, या वयात हातोडा नको, मी जाते तेवढं पुरे. तर म्हणाली, "घरी बसून भिंतीला टेकू दिऊ व्हय गं? थितं सुकडी तरी खायाला मिळती." खडीच्या धुळीनं खोकला धरला, तो आता छातीत उतरलाय. मिरजगावच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, जवळचे कोण असतील त्यांना कळवा. आई गेल्यावर तिनं आपल्या दोघांनाच वाढवलं. मी तर इथंच आहे. म्हणजे जवळचा उरलास तू.

तू उंबऱ्यात उभा राहून ओरडला होतास, "ही ह्या घरात असेस्तोवर मी पाय ठेवणार नाही." ही म्हणजे मी. तुझा राग मला कळत नाही असं नाही. आपलं साटंलोटं. ज्या मांडवात रंगुवहिनी तुला दिली, त्याच मांडवात तिच्या भावाला मी दिली. एक संसार लागला, एक मोडला. मी सासर सोडून आले तशी तिकडून तुला धमकी आली, की तुमची पोर नांदायला पाठवा, नाहीतर आमची पोर घेऊन जातो. मी इथं भाकरी खाते आणि तिकडं पिंपरीत तुझ्या घासात खडा येतो, हे मला ठाऊक आहे. "पटलं नाही," एवढंच मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "पटायला तो काय सदरा आहे?" तेव्हा मला हसू आलं होतं. खरंच सांगते, रडता रडता आलं होतं.

पण माझं राहू दे. आत्या झोपेतून उठली की विचारते, "राधू आला का?" मी म्हणते, एसटी यायचीय. ती म्हणते, "मोटारगाडीला येवढा येळ लागतो व्हय?" एकच एसटी मी रोज उशिरा आणते.

तुझं नाव तुझ्या कानात तिनंच सांगितलं, हे विसरू नकोस. तुझ्या बारशाला बाया कुजबुजल्या होत्या, की टाकलेल्या बाईच्या तोंडून पोराचं नाव नको. तेव्हा नाना बहिणीच्या बाजूनं उभे राहून भर बारशात म्हणाले होते, "पोराची आत्या ती हाय. तिच्या तोंडून नको आसंल, तर ऱ्हाऊ द्या बिननावाचं." हे आत्यानं मला नानांचा आवाज काढून इतक्यांदा सांगितलंय की नाना गेले तरी तो आवाज माझ्या कानात आहे.

ये. मी डोळ्यांसमोर नको असेन तर तू असशील तेवढे दिवस शेजारी लंकाबाईच्या घरी जाऊन राहीन. चहा मात्र माझ्याच हातचा प्यावा लागेल, लंकाबाई गूळ टाकायला विसरते.

मनकर्णा


५ फेब्रुवारी १९७३

दादा,

तुझं उत्तर पोचलं. रजा नाही, हे समजलं. कारखाना तुझ्यावाचून बंद पडत असेल तर पडो बापडा, तू त्याला सांभाळ.

पण पुढच्या ओळीत तू काय लिहिलंस ते पुन्हा एकदा वाचून बघ. "मी मंडळींना शब्द दिला आहे, आत्या आहे तोवर मनकर्णा तिची सेवा करील, आत्यानंतर तुम्ही तिला घेऊन जा." आत्यानंतर! ती शेजारच्या खाटेवर श्वास घेत होती आणि मी तिला तुझं पत्र वाचून दाखवत होते. तेवढी ओळ मी गाळली. तिला अक्षर येत नाही, पण ती म्हणाली, "बोट मदीच उडी मारून गेलं गं तुजं. काय लिवलंय थितं?" मी म्हटलं, वहिनीची तब्येत बरी आहे, असं लिहिलंय. ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुला न्ह्यायला येनार हायेत व्हय?"

तिच्यापुढं कोण लपवणार?

आणि ते येऊनही गेले. परवा वहिनीचे मामा, आबासाहेब, वाकडी वाट करून आले, आत्याला बघायला म्हणून. खाटेजवळ उभे राहिले, टोपी काढली नाही. आत्याचा डोळा लागला होता, की तिनं मुद्दाम मिटला होता, देव जाणे. मला हळूच विचारलं, "किती दिस काढंल म्हातारी?" मी म्हटलं, तुम्हाला कशाला पाहिजे? तर म्हणाले, "आमाला बी तयारी लागती पोरी. घरात बाईमानूस न्हाई. तुज्या भावानं शब्द दिलाय." जाताना घराच्या आढ्याकडं, चुलीकडं, माझ्याकडं असं सगळीकडं बघून गेले. ते गेल्यावर आत्या डोळे न उघडताच म्हणाली, "बैल बघाया आल्ता का गाय?"

दादा, तुला वाटतं आत्यानंच मला फूस लावून ठेवून घेतलं. तसं नाही. मी आले त्या दिवशी तीसुद्धा म्हणाली होती, माघारी जा. "माज्यावानी करू नगं. म्या येकटीनं कसं काढलं ते माजं मला ठावं." असं म्हणून माझी पिशवी तिनं दाराबाहेर ठेवली होती. मग मी तिला जे सांगायचं ते सांगितलं आणि तिनं पिशवी आत घेतली. काय सांगितलं ते तुला सांगायची अजून माझी छाती होत नाही.

तिची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. तिच्या अगोदरची तीन भावंडं गेली होती, म्हणून ही जगावी यासाठी तिचं नाव कडू ठेवलं. नांदायला गेली तेव्हा अजून पदर नीट घेता येत नव्हता. मूलबाळ झालं नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीच्या अक्षता पडत होत्या तेव्हा आत्या स्वयंपाकघरात लग्नाच्या पंगतीचं वाटण वाटत होती. तशीच उठली, ओल्या हातानं वरवंटा उचलला आणि मागच्या दारानं चालत माहेरी आली. बाकी काही आणलं नाही. मी विचारायची, आत्या, वरवंटाच का गं? ती म्हणायची, "वरवंटा माज्या बानं दिल्ता. पाटा त्यांचा व्हता, ऱ्हाऊ दिला." आणि मग तंबाखूची चिमूट गालात धरून हसायची, "बिनवाटनाचंच जेवले आसत्याल समदे."

गावानं म्हटलं, टाकली. ती अजूनही भांडते, "मला कुनी टाकली न्हाई. म्या सोडलं." नाना आजारी पडले त्या वर्षी तिनं मोटेचे बैल हाकले. बाईनं मोट हाकायची नसते म्हणून पारावर बैठक बसली. तिनं पारावरच्यांना निरोप पाठवला, की ज्याला बघवत नसंल त्यानं येऊन हाकावी. कुणी आलं नाही. त्या पाण्यावर तू शाळा शिकलास.

पण तिचं एक मला कधी उलगडलं नाही. दुष्काळी कामाच्या हजेरीवर नाव चढवताना कारकून प्रत्येकीला नवऱ्याचं नाव विचारायचा. बाया पदर तोंडाला लावून शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, शेजारीण सांगायची. आत्याची पाळी आली. शेजारणीला माहीत नाही, मलाही नाही. नानांना ठाऊक होतं, ते गेले. अख्ख्या गावात ते नाव एकट्या आत्याला माहीत, आणि ती घेईना. मागची रांग तटली. कारकून म्हणाला, आजी, नाव नाही तर काम नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता, मी डोळ्यांनी बघितला. शेवटी म्हणाली, "माज्या भावाचं लिवा. भाकर त्यानं घातली." कारकुनानं कंटाळून लिहिलं, कडूबाई सूर्यभान.

परतताना मी छेडलं, की सोडलं सोडलं म्हणतेस, मग नाव घ्यायला काय झालं होतं? डोक्यावरची पाटी तिनं सावरली. मग म्हणाली, "नाव घेतलं म्हंजी कुकू बी गेलं. मंग म्या कोन ऱ्हायले गं? ना हिकडची, ना तिकडची." मोट हाकणारी आपली आत्या, दादा. एका नावाला भ्यायली.

तू दिलेला शब्द परत घे. मी हात जोडत नाही, मला जमत नाही ते. पण परत घे.

मनकर्णा


२२ फेब्रुवारी १९७३

दादा,

आत्या सोमवारी पहाटे गेली, तुला तार लगेच केली होती. चुलत्यांच्या कानिफनाथनं अग्नी दिला. तुझी वाट बघून माणसं ताटकळली, मग उन्हं कलायला लागली तेव्हा उचलली.

शेवटचं मला म्हणाली, "कडी लाव गं, शेळी आत यील." शेळी आपण दिवाळीतच दिली, चारा नव्हता म्हणून. मी उठून कडी लावली. वळून बघितलं तर संपलं होतं.

नंतर जे झालं ते मला कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी लंकाबाईच्या झिंज्या धरीन. बाया जमल्या. ज्या वस्तीवर आत्याला जन्मात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्या वस्तीवरच्या सगळ्या बाया हळदीकुंकू घेऊन आल्या. का, तर आत्या अहेवपणी गेली. नवरा आहे की मेला, कुणाला पत्ता नाही. पण मेल्याचा निरोप आला नाही म्हणजे जिवंत, आणि जिवंत म्हणजे ही सवाष्ण. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर मळवट. "भाग्याची गं बाई, भरल्या कपाळानं गेली," असं म्हणत पाया पडत होत्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं टिपून आपल्या कपाळाला लावत होत्या. रेटारेटी झाली त्यासाठी. लंकाबाई सगळ्यांत पुढं. मी विचारलं, लंकाबाई, परवाच्या संक्रांतीला तिला वाण का नाही दिलंत? ती रडायची थांबली आणि म्हणाली, "आसं आता बोलत्यात व्हय?"

मग कधी बोलायचं?

मी कोपऱ्यात उभी होते. त्या मळवटाखाली मला आत्या दिसेना. मीच दिसायला लागले. जन्मभर कपाळावर एका माणसाचं कुंकू वागवायचं, त्याच्या नावाला भ्यायचं, आणि मेल्यावर भाग्यवान व्हायचं. 

काल तुझी तार आली. एखादा शब्द आत्यासाठी असेल म्हणून मी ती उलटून पालटून बघितली. "तेराव्याला मंडळी येतील. जाण्याची तयारी ठेव." बस. दादा, तारेत शब्द कमी घालतात हे मला कळतं, पण इतके कमी?

तर आता ऐक. छाती होत नव्हती म्हणाले होते, ती आज झाली आहे. आत्या गेली, आता घाबरायला घरात कुणी उरलं नाही.

लग्नानंतरच्या हंगामात आम्ही ऊसतोडीला गेलो होतो. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दोघांतलं एक बसलं की तो कोयताच बसला, असा हिशेब. माझे दिवस भरत आले होते. त्या सकाळी पोटात कळा यायला लागल्या. मी वहिनीच्या भावाला म्हटलं, आज मला आपल्या पाचटाच्या कोपीत पडू द्या. ते म्हणाले, "आजच्या दिस कोयता मोडू नगंस. गाडी भरू दे, मंग पड." ओरडले नाहीत, हात उगारला नाही. ताटात मीठ वाढ म्हणावं, तसं म्हणाले.

गाडी भरली. मी उसाच्या सरीतच बाळंत झाले. टोळीतली बायडाबाई धावत आली, तिनं सोडवलं. लेक होती. रडली नाही. बायडाबाईनं तिला पाठीवर थोपटलं, उलटी धरली, तोंडात फुंकर घातली, पण ती रडलीच नाही. बायडाबाईनंच बांधाला खड्डा केला. ते गाडीबरोबर कारखान्यावर गेले होते. आले, जेवले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हुभं ऱ्हाता येतंय का?" मी उभी राहिले. पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत मोळ्या वाहिल्या. टोळी परत निघाली तेव्हा मी मिरजगावला उतरले आणि इकडं आले.

पटलं नाही, असं मी तुला म्हणाले होते. खोटं नव्हतं ते.

आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनं चुलीवर पाणी ठेवलं. मला पाटावर बसवून न्हाऊ घातलं, बाळंतिणीला घालतात तसं, अंगाला तेल चोळून, पोटाला घट्ट पट्टा बांधून. ओव्या-शेपाची धुरी दिली. इतक्या उशिरा त्याचा काय उपयोग, म्हटलं मी. ती म्हणाली, "उशीर झाला म्हून बाळंतपन चुकत न्हाई." लोकांकडून मागून खारीक आणली आणि दळून खायला घातली. त्यानंतर मला माघारी जा असं म्हणायची हिंमत या घरात फक्त तुझ्या पत्रांनी केली.

तेराव्याला तू येणार आहेस, की नुसता तुझा शब्द येणार आहे?

मनकर्णा


४ मार्च १९७३

दादा,

काल तेरावा झाला. तू आला नाहीस. हे पत्र टपालात टाकत नाही, पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं देते. त्याचा भाऊ पिंपरीतच राहतो, आजच्या आज पोचवतो म्हणालाय. का, ते शेवटी कळेल.

मामा आले, बरोबर दोन भाऊबंद आणि वहिनीचे भाऊ. जेवणं झाली. कानिफनाथ त्यांच्या पुढंपुढं करत होता, त्याला काय, दुष्काळात भावकीतलं एक तोंड कमी झालं तर बरंच. मामांनी सुपारी कातरली आणि लंकाबाईला म्हणाले, "ओटी भरा आन् पोरीला काढा. गाडीचा टाईम झालाय." मी म्हटलं, मी येणार नाही. ते माझ्याशी बोललेच नाहीत. कानिफनाथकडं बघून म्हणाले, "हिच्या भावाचा शब्द हाय. आन् आमची रंगू पुन्यात हाय, त्ये बी ध्यानात ठिवा."

कानिफनाथ मला म्हणाला, "मनकर्णा, भावाचं घर मोडतीस व्हय?"

दादा, हे मला लागलं. मी सगळ्याला तयार होते, याला नव्हते. लंकाबाईनं माझ्या पदरात नारळ, तांदूळ घातले, माझ्या हातानंच मी पदर धरला होता. पिशवी कुणीतरी दारात आणून ठेवली. आता खोटं बोलत नाही, त्या क्षणी मी निघाले होते. तुझ्यासाठी आणि वहिनीसाठी निघालेच होते. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

मामांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांना सगळ्यांसमोर शिक्का पाहिजे होता. हसून म्हणाले, "हां, झालं गेलं गंगंला मिळालं. आता दारातनं निघताना नाव घे पोरी, म्हंजी आमी बी मोकळं."

बाया सरसावून बसल्या. उखाणा ऐकायला मिळणार, तेही तेराव्याला. वहिनीचे भाऊ अंगणात चपला घालत होते, खाली वाकून. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. रांगेत घामानं डबडबलेलं आत्याचं कपाळ डोळ्यांपुढं आलं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं,

"पुंजाराम."

नुसतं तेवढंच. गोठ्यातल्या गड्याला हाक मारावी तसं.

आणि ते वाकल्या वाकल्या म्हणाले, "ओ!"

दादा, माणसाला कुणी हाक मारली की तो ओ देणारच, त्यात त्यांची काय चूक? पण एक बाई फसकन हसली, मग दुसरी हसली, आणि लंकाबाईनं तोंडात पदर कोंबला. मामा म्हणाले, "उखान्यात घे गं, खुळे." मी म्हटलं, "उखाणा नाही, हाक मारली. पुंजाराम, मी येणार नाही. आज नाही, पुढंही नाही." पदरातले तांदूळ मी ओट्यावर ओतले आणि नारळ मामांच्या हातात दिला. कपाळाचं कुंकू मी पुसलं नाही. ते आता त्याचं राहिलं नव्हतं, मग पुसायचं कशाला?

हसणं थांबलं. मामा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाले, "बरं झालं. साटं मोडलं तर दोन्हीकडनं मोडलं. उद्याच्या गाडीनं पुन्याला जातो आन् रंगूला घिऊन येतो." मी विचारलं, रंगुवहिनीला विचारलंय का कुणी? तर मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी म्हशीचं मत विचारायला सांगितलं. "तिला काय इचारायचं?" म्हणाले, आणि चालायला लागले.

कानिफनाथ मला बोल बोल बोलला. ते तुला सांगत बसत नाही, तुझ्याच पत्रातले शब्द होते.

माणसं पांगल्यावर मी ओट्यावरचे तांदूळ गोळा करत होते. मान वर केली तर पुंजाराम फाटकाशी उभे. मामा पुढं गेले होते. मला वाटलं आता मारणार, मी हातातलं सूप धरून ठेवलं. ते आत आले नाहीत. फाटकाच्या काठीला नखानं खरवडत म्हणाले, "काय झाल्तं?"

मला कळेना.

"तवा. उसात. पोरगा का पोरगी?"

मी म्हटलं, "पोरगी."

ते उभेच राहिले. मग म्हणाले, "मला कुनी सांगितलंच न्हाई."

"तुम्ही विचारलं नव्हतं," मी म्हटलं. तोंडातून पुन्हा तुम्ही गेलं, लिहितानाही जातंय. जाईल सवय हळूहळू. त्यांनी मान हलवली, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि गेले. मला वाईट वाटलं, दादा. राग धरायला सोपा असतो, पण त्यांची पाठ बघून मला रडू आलं. त्यांनी हे त्या दिवशी कोपीत विचारलं असतं, तर मी काल त्यांच्याबरोबर गेले असते. कदाचित इकडं आलेच नसते.

तूही विचारलं नव्हतंस. मी परत आले तेव्हा तू मला सगळं विचारलंस, लोक काय म्हणतील, मंडळींना काय सांगू, वहिनीला नेलं तर मी काय करू. पोटुशी गेलेली बहीण रिकामी परत आली, तिला काय झालं, एवढंच राहिलं. आता त्याचा राग नाही. म्हणजे आहे, पण आज त्याला वेळ नाही.

मामा आज सकाळच्या गाडीनं निघाले, लंकाबाईच्या पोरानं बघितलं. हे पत्र त्यांच्या आधी पोचेल की मागं राहील, मला माहीत नाही. पोचलं तर नीट वाच. मामा तुझ्या दारात बसतील, मोठ्यानं बोलणार नाहीत. माझी बहीण ऐकली नाही, असं म्हणून तू मान खाली घालशील. आणि आतल्या खोलीत वहिनी न बोलता लुगडी पिशवीत भरायला लागेल, कारण तिला वाटेल तिच्यामागं कुणी नाही. तिला भावाकडं जायचं असेल तर जाऊ दे, अडवू नकोस. राहायचं असेल तर तू दारात उभा राहा आणि मामांना उंबरा ओलांडू देऊ नकोस, मग काय व्हायचं ते होवो. पण यातलं काहीच तू ठरवायचं नाहीस. मामांनी नाही आणि मीही नाही.

ती आत स्टोव्हपाशी असेल. हे पत्र खाली ठेव, आत जा, आणि तिला विचार.

मनकर्णा